मिसिंग कधी होतं, ते आधी सांगा

जुनी गाडी मिसिंग करायला लागली की बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. आधी प्लग बदलायचे, मग वायरी, मग कॉइल, आणि तरीही झटके थांबले नाहीत तर कार्बोरेटर उघडायचा. खर्च वाढत जातो, दोष कधी सापडतो, कधी नाही. भंडारा जिल्ह्यातल्या वरठी-मोहाडीसारख्या गावांत जुनी मारुती ८०० किंवा ॲम्बेसेडर सांभाळणारं कुटुंब हौसेपेक्षा गरजेपोटी ती सांभाळत असतं. असा आंधळा खर्च त्यांच्या माथी येऊ नये असं मला मनापासून वाटतं. सुटा भाग विकत आणण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: मिसिंग नेमकं कधी होतं? गाडी थंड असताना, चढावर, पावसात, की उन्हात थांबवून पुन्हा सुरू केल्यावर? यातल्या प्रत्येक वेळेमागचं कारण वेगळं आहे.

आधी मिसिंग म्हणजे काय ते पाहू. मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनात तीन सिलिंडर. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे दर २४० अंशांनी एक धक्का. ‘स्लो’वर मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला साधारण साडेबावीस धक्के बसतात. ते इतके जवळजवळ असतात की आपल्याला सलग गुरगुर ऐकू येते. एक सिलिंडर मेला की दोन धक्क्यांमधलं अंतर एका ठिकाणी ४८० अंशांवर जातं. इंजिनाला एका फेऱ्याहून जास्त वेळ कुणीच ढकलत नाही. हा खड्डा सेकंदाला साडेसात वेळा येतो आणि तो स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला सरळ कळतो. ॲम्बेसेडरच्या चार सिलिंडरांत एक मेला तर तेच अंतर ३६० अंशांचं होतं, म्हणून तिथे थरथर तुलनेनं कमी. नव्या गाड्यांतला संगणकही हेच करतो. क्रँकचा वेग क्षणभर कुठे पडला हे मोजून तो सिलिंडरचा क्रमांक सांगतो. कारण मात्र त्यालाही शोधून द्यावं लागतं.

आता ‘कधी’कडे येऊ. स्लोवर गाडी बरी चालते, पण चढावर किंवा चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की झटके मारते, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. अशा वेळी प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवतात, सेल्फ मारतात आणि निळी ठिणगी दिसली की ‘करंट चांगला आहे’ असा निकाल देतात. हा निकाल अपुरा आहे. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिलं की ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीचं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. मोकळ्या हवेत प्लगच्या पाऊण मिलिमीटर फटीला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेली की तीच फट ओलांडायला दहा हजारांहून अधिक व्होल्ट लागू शकतात. ॲक्सिलरेटर जितका उघडा तितकी आत हवा जास्त, दाब जास्त, मागणीही जास्त. दमलेली कॉइल किंवा झिजून फट वाढलेला प्लग स्लोवर निभावून नेतो, पण चढावर हात टेकतो.

विजेला तर कुठून तरी वाट हवीच. प्लगची फट अवघड झाली की ती वायरीच्या तडकलेल्या रबरातून बॉडीवर उतरते किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून पळते. पावसाळ्यातलं मिसिंग इथलंच. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत हवेतच पाणी असतं. टोपीवर धूळ आणि तेल बसलेलं असेल, त्यावर दमट हवेचा थर चढला की वीज पृष्ठभागावरून सरकते. एकदा वाट पडली की तिथे कार्बनची केसासारखी काळी रेघ उमटते, आणि कार्बन स्वतःच वीज वाहतो, म्हणून ती वाट कायमची होते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू ठेवा, वायरींपासून हात दूर ठेवून स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मारा. दोष असेल तर निळसर रेघा उड्या मारताना दिसतात. रेघ पडलेली टोपी घासून पुसून चालत नाही, बदलावीच लागते.

कोणता सिलिंडर मेला आहे ते शोधायची रीत जुनी आहे आणि ती उत्तम आहे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिचं टोक एका जास्तीच्या प्लगमध्ये बसवून तो प्लग बॉडीला पक्का टेकवायचा आणि मग इंजिन सुरू करायचं. वायर मोकळी लटकू दिली तर कॉइल जळू शकते, आणि चालू इंजिनात उघड्या हातानं वायर ओढणं धोक्याचं आहे. ज्या सिलिंडरची वायर काढल्यानं आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून काम करत नव्हता. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. नाही गेला तर वायरींची अदलाबदल करा. एका वेळी एकच बदल, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही पाळला की नवा भाग न आणताच अर्धा तपास पूर्ण होतो.

काढलेला प्लग हातात आहेच तर त्याचं तोंडही पाहून घ्या. फिकट तपकिरी रंग चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, बहुधा अडकलेला चोक. तेलकट काळा थर म्हणजे रिंगा किंवा वॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. यात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला पोचलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. भंडाऱ्याचं मोठं रेल्वे स्टेशन, भंडारा रोड, वरठीत आहे. घर ते स्टेशन एवढीच एक-दोन किलोमीटरची फेरी रोज मारणाऱ्या गाडीचा प्लग तेवढा तापतच नाही. अशा गाडीला नव्या प्लगपेक्षा आठवड्यातून एकदा तुमसरपर्यंतची सलग दौड अधिक उपयोगी पडते.

स्लोवर थरथर आणि वेग घेतला की सगळं गुळगुळीत, असा उलटा प्रकार असेल तर ठिणगीचा संशय मागे ठेवा आणि रबरी पाइप तपासा. स्लोवर कार्बोरेटरची झडप जवळजवळ बंद असते, इंजिन जोरानं ओढत असतं आणि आत जाणारी हवा थोडीच असते. तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून शिरणारी जास्तीची हवा तेव्हा मिश्रण बिघडवून टाकते. वेगात एकूण हवा वाढते आणि तीच गळती नगण्य होते. एकेक पाइप पकडीनं हलकेच दाबून पाहा. ज्याच्या दाबण्यानं इंजिन सावरलं, तो पाइप बदला.

मे महिन्यातलं दुखणं आणखी वेगळं. पारा ४५ च्या घरात, गाडी स्टेशनबाहेर उन्हात बंद करून ठेवली, रेल्वे आल्यावर पुन्हा सुरू केली आणि ती आचके देऊ लागली. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरणं आणि पंखा दोन्ही थांबतात, पण धातूतली उष्णता बॉनेटखाली पसरत राहते. पेट्रोलमधले हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात, पंपाच्या ओढीमुळे तर त्याही आधी. पंपात वाफेचे बुडबुडे भरले की पेट्रोल पुढे सरकत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

यात भर पडली ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. किलोभर पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. मिश्रणाची गरज साधारण साडेतेरापर्यंत उतरते. सेन्सर असलेली एमपीएफआय गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरचा जेट म्हणजे ठरावीक मापाचं एक भोक, ते आपल्या मापानंच देत राहतं. मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रण पेटायला हट्टी असतं. शिवाय इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि पाणी शोषतं. कार्बोरेटरवाल्या गाडीत पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्या. जेट बदलायचा की नाही, हे प्लगचा रंग पाहून ठरवा.

तपासाचा एक कागद तर आपल्या डॅशबोर्डमध्येच पडून असतो: पीयूसी. त्यावर पेट्रोल गाडीचे दोन आकडे असतात. कार्बन मोनॉक्साइड वाढलेला असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. हायड्रोकार्बन वाढलेलं आणि मोनॉक्साइड मात्र बेताचा, म्हणजे पेट्रोल न पेटताच बाहेर पडतंय, हेच मिसिंग. पास की नापास एवढंच पाहून आपण तो कागद घडी घालून ठेवतो, ही मोठी हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. मागच्या पीयूसीशी ताडून पाहिलं तर दोष कधीपासून वाढतोय तेही दिसतं.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही निर्दोष निघाले तर कम्प्रेशन मोजायचं. सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहायचा. एखाद्यात कमी आला तर चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर बहुधा गॅस्केटच.

जळालेला एक्झॉस्ट वॉल्व्ह हा जुन्या इंजिनांचा खरा आजार. धगीत त्याचं डोकं ७०० अंशांच्या पुढे जातं. म्हणून त्याला साधं पोलाद चालत नाही. अनेक इंजिनांत त्यासाठी वापरतात त्या एका प्रसिद्ध मिश्र पोलादात २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल आणि ९ टक्के मँगनीज असतं. वरठीच्या माणसाला ही नावं परकी वाटू नयेत. वाहन उद्योगासाठी मिश्र पोलाद बनवणारा सनफ्लॅगचा कारखाना याच गावात आहे आणि मँगनीजच्या चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी शेजारच्या तुमसर तालुक्यात. पण कितीही कसदार पोलाद असलं तरी वॉल्व्ह थंड होतो तो मुख्यतः बंद असताना, आपल्या बैठकीला टेकून. बैठक झिजत गेली की वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट संपते. मग तो पूर्ण टेकतच नाही आणि त्याची कड जळते. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं या बैठकीला झिजण्यापासून वाचवत होतं. २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर जुन्या हेडचं ते संरक्षण गेलं. त्यामुळे टकटक करणाऱ्या टॅपेटपेक्षा हळूहळू गप्प होत गेलेल्या टॅपेटची काळजी जास्त करा.

फट वेळेवर नीट केली तर हेड उतरवावंच लागत नाही. उतरवलं, तर फार न जळालेला वॉल्व्ह पेस्ट लावून बैठकीवर घासून घ्यायचा, उलट्या ठेवलेल्या हेडच्या पोकळीत थोडं रॉकेल ओतायचं आणि खालच्या पोर्टमधून थेंब झिरपतो का ते पाहायचं. झिरपला तर पुन्हा घासायचं. आणि जोडणी झाल्यावर हजारेक किलोमीटरनंतर टॅपेटची फट परत मोजायची, कारण नवी बैठक सुरुवातीलाच सर्वांत जास्त बसते.