चौथ्या चौकोनातील खेळाडू

धाराशिव जिल्ह्याचे नाव क्रीडाक्षेत्रात ज्या खेळामुळे आदराने घेतले जाते तो खो-खो. आणि २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार, पुढे २०२० साली अर्जुन पुरस्काराने गौरविल्या गेलेल्या सारिका काळे याच मातीतल्या, याचा येथील क्रीडारसिकांना सार्थ अभिमान आहे. असे असूनही सामन्यास जमलेल्या समुदायाची दृष्टी धावणारीच्या हुलकावणीमागे, नाही तर खांबावर सूर मारून गडी टिपणारीच्या मागे जाते, आणि मध्यपाटीवर बसलेल्या आठ जणींकडे निरखून पाहणारा क्वचितच आढळतो. माझे आग्रहाचे सांगणे असे की, एखादा सामना आरंभापासून अखेरपर्यंत त्या आठांपैकी एकीवरच नजर ठेवून पाहावा.

समजा, ती चौथ्या चौकोनात बसली आहे. २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद मैदान, दोन टोकांस दोन खांब, त्यांना जोडणारी मध्यपाटी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या, अशी ही रचना. शेजारी बसलेल्या दोघींची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना. धावणाऱ्या तिघींची तुकडी आत येते, नऊ मिनिटांची पाळी सुरू होते, आणि आपली खेळाडू पंजांवर भार तोलून स्थिर राहते. या स्थिरतेत किती संयम साठविलेला असतो! धावणारी हाताच्या अंतरावरून निसटून जात असली तरी खो मिळण्यापूर्वी तिला उठता येत नाही. उठलीच तर पंचाची शिट्टी वाजते, आक्रमकाला उलट दिशेने जावे लागते, आणि मोठ्या कष्टाने कोंडीत आणलेली प्रतिस्पर्धी मोकळी सुटते.

मग पाठीवर थाप आणि कानावर ‘खो’ एकाच क्षणी येतात. ती उठते तेव्हा तिच्यापुढे निवडीला अवकाश फार थोडा असतो, कारण मध्यपाटी ओलांडण्याची तिला मुभा नाही, आणि एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलण्याचीही नाही. अनेकदा धावणारीला स्वतः स्पर्श करण्याचा तिचा हेतूच नसतो. साखळीने खेळणारी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी वळणे घेत जाणारी संरक्षक आपल्या लयीवर जगते. ती लय मोडावी, तिला खांबाकडे रेटीत न्यावे, आणि तिने मध्यपाटी ओलांडताच पलीकडे तोंड करून बसलेल्या सहकारिणीला अचूक वेळी खो द्यावा, हे आपल्या खेळाडूचे खरे कर्तव्य. आणखी दोन पावले धावलो तर गडी आपल्याच नावावर जमा होईल, हा मोह तिला त्या निमिषार्धात आवरावा लागतो. खो दिल्याबरोबर ती रिकाम्या झालेल्या चौकोनात, आधीचीचे तोंड होते त्याच दिशेला तोंड करून बसते. चौथ्या चौकोनातली मुलगी अशी घटकेत सहाव्यात, घटकेत दुसऱ्यात दिसते. चौकोनाची दिशा कायम राहते, बसणारी मात्र बदलत जाते. म्हणूनच तिच्यावर नजर ठेवणे प्रेक्षकालाही कष्टाचे पडते, परंतु त्या कष्टातून खेळाची घडण जशी उलगडते तशी ती अन्य मार्गाने उलगडत नाही.

मॅटवर, सात-सात खेळाडूंनी खेळल्या जाणाऱ्या नव्या प्रकारात ‘वझीर’ या आक्रमकाला कोणत्याही दिशेने धावण्याची सवलत मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळचा ७८–४० असा पराभव केला, तो याच प्रकारात. वझिराकडे लोकांचे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक आहे. तथापि त्यालाही खो देणारा कोणीतरी लागतोच.

अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये शेन बॅटिए या खेळाडूविषयी असाच विचार झाला. त्याच्या खात्यावर गुण थोडे पडत, पण तो मैदानावर असताना संघाची कामगिरी उंचावते, हे ह्यूस्टन रॉकेट्सच्या व्यवस्थापनाने आकड्यांचा बारकाईने हिशेब मांडून ओळखले. आपल्याकडे सामन्याचे जे वृत्त दुसऱ्या दिवशी छापून येते, त्यात कोणी किती मिनिटे संरक्षण केले आणि कोणी किती गडी टिपले एवढेच असते. ज्या खोमुळे तो गडी टप्प्यात आला, त्या खोची दाद लागत नाही. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण कोवळ्या वयातील खेळाडू ज्याची नोंद होते तेच शिकण्यासारखे मानतात.

धाराशिव, तुळजापूर, कळंब, भूम, परंडा येथील शालेय स्पर्धांच्या संयोजकांना माझी विनंती आहे की, गुणपत्रकात आणखी एक रकाना वाढवावा आणि गडी बाद होण्यापूर्वीचा अखेरचा खो कोणी दिला, हे त्यात नावानिशी नोंदवावे.