रचना-प्रकल्पाच्या प्रगती-अहवालाची भाषा

अभियांत्रिकी महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांस एखाद्या यंत्राची वा उपकरणाची रचना स्वतः करून दाखवावी लागते. हे काम बहुधा दोन सत्रे चालते, आणि त्या अवधीत विद्यार्थ्यांच्या गटास ठराविक अंतराने मार्गदर्शक व परीक्षक यांच्यापुढे येऊन आपले काम कोठवर आले हे सांगावे लागते. या सांगण्याचे दोन प्रकार आहेत : लेखी प्रगती-अहवाल आणि तोंडी निवेदन. या दोहोंविषयी विद्यार्थ्यांस जे शिकविले जाते ते मुख्यतः मुखपृष्ठ, समास, प्रकरणांचा क्रम व चित्रफलकांची संख्या यांपुरते असते. वाक्यांचा विचार त्यात क्वचितच येतो. वस्तुतः काम झाले की नाही, ते कोणी केले आणि हे सांगणाऱ्यास कशावरून कळले, या तिन्ही गोष्टी मराठीत मुख्यतः क्रियापदाकडून व्यक्त होतात. म्हणून हा विषय भाषेच्या अभ्यासकांनीही हाती घ्यावा असा आहे. कार्यशाळेत बोलताना विद्यार्थी जे भेद सहज आणि अचूक पाळतात, तेच भेद अहवाल लिहिताना नाहीसे होतात, व ज्याच्यासाठी अहवाल लिहावयाचा तो हेतूच त्यामुळे विफल होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी सोलापुरास साजेसे एक कल्पित उदाहरण घेऊ. यंत्रमागावर टॉवेल वा चादर विणली जात असताना ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला आणि माग तसाच चालू राहिला तर कापडात दोष राहतो. यावरील जुना व परिचित उपाय असा : प्रत्येक उभ्या धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी लोंबती ठेवावयाची, धागा तुटताच पट्टी खाली पडते, विजेचे मंडल पूर्ण होते आणि माग थांबतो. समजा, चार विद्यार्थी अशी जोडणी जुन्या मागावर अल्प खर्चात बसविण्याच्या प्रयत्नात आहेत. कार्यशाळेत त्यांचे बोलणे साधारणपणे असे चालेल : “पट्टी पडल्याबरोबर माग थांबला, दहा वेळा बघितलं.” “दोनदा थांबला नाही. तार सैल झाली असावी.” “कापसाची धूळ बसली की पट्टी अडकते म्हणे.” “दुसरी पट्टी लावून पाहिली.” “जोडणी होत आली आहे.”

आता याच आठवड्याचा अहवाल पाहा : “जोडणीचे काम प्रगतिपथावर असून समाधानकारक निष्कर्ष प्राप्त झाले आहेत. काही किरकोळ अडचणींचे निराकरण करण्यात येत आहे.” या वाक्यांत व्याकरणाची चूक एकही नाही. तथापि वरच्या पाच उद्गारांतील एकही माहिती त्यांत उरलेली नाही. ती कोणत्या मार्गांनी गळाली हे क्रमाने पाहू.

१. ज्ञानाचा आधार

‘बघितलं’, ‘असावी’ आणि ‘म्हणे’ ही तीन रूपे तीन निराळे आधार सांगतात. पहिल्यात प्रत्यक्ष अवलोकन आहे, दुसऱ्यात अनुमान आहे, तिसऱ्यात ऐकीव माहिती आहे. जगातील काही भाषांत हा भेद क्रियारूपातच बांधलेला असतो. तुर्की भाषेत ‘गेल्दी’ म्हणजे ‘आला’. परंतु बोलणाऱ्याने ते येणे स्वतः पाहिले नसून खुणांवरून ताडले किंवा दुसऱ्याकडून ऐकले असेल तर तो ‘गेल्मिश’ म्हणतो. मराठीत अशी सक्ती नाही, परंतु साधने विपुल आहेत : ‘असावा’, ‘असणार’, ‘दिसतो’, ‘म्हणे’, ‘म्हणतात’. सोलापूरच्या भाषिक परिसरात तर या बाबतीत उणीव भासण्याचे कारणच नाही. दुसऱ्याचे बोलणे दुसऱ्याचे म्हणून वेगळे दाखविण्यासाठी मराठीत जसे ‘म्हणून’ येते (‘तो उद्या येतो म्हणून म्हणाला’), तसे कन्नडमध्ये ‘अंत’, तेलुगूत ‘अनि’ आणि दखनीत ‘बोलके’ येते. घरी यांपैकी कोणतीही भाषा बोलणारा विद्यार्थी ऐकलेले आणि पाहिलेले यांतील सीमा ओळखूनच असतो.

औपचारिक लेखनात मात्र ‘म्हणे’ ग्राम्य वाटते, ‘असावी’ दुबळे वाटते, आणि दोन्ही टाकून सर्वत्र ‘आहे’ लिहिले जाते. अशा रीतीने अनुमान व ऐकीव माहिती या दोहोंस मोजमापाचा दर्जा मिळतो. धुळीमुळे पट्टी अडकते हे मागावरच्या कारागिराने सांगितले असेल तर ती माहिती मौल्यवान आहे. पण ती त्याचे निरीक्षण म्हणूनच नोंदली पाहिजे. ‘धुळीमुळे पट्टी अडकते असे कारागिरांनी सांगितले, आम्ही ते अद्याप तपासलेले नाही’ हे वाक्य पूर्णपणे औपचारिक आहे, आणि पुढच्या आठवड्यात काय करावयाचे हेही त्यातूनच कळते.

२. कर्ता

‘करण्यात आले’ हा प्रयोग मराठीच्या शासकीय व शास्त्रीय लेखनात रूढ झालेला आहे. कर्ता गाळता येणे हेच त्याचे वैशिष्ट्य. वस्तुनिष्ठ लेखनात ‘मी’ व ‘आम्ही’ येऊ नयेत या समजुतीने विद्यार्थी त्याचा अवलंब करतात. परंतु वस्तुनिष्ठतेसाठी कर्ता गाळण्याची मराठीस गरजच नाही. ‘विद्यार्थ्याने तीन चाचण्या घेतल्या’ या कर्मणी प्रयोगात क्रियापदाचे लिंग-वचन चाचण्यांप्रमाणे बदलते, विद्यार्थ्याप्रमाणे नव्हे. क्रियापद कर्माच्या ओढीने चालते आणि कर्ताही जागेवर राहतो. चौघांच्या गटात मोजमाप कोणी केले, कोणत्या दिवशी केले, हे पुढे शंका उद्भवल्यावर विचारावे लागते. ‘करण्यात आले’ त्याचे उत्तर देत नाही. ‘आम्ही’ हे सर्वनामही पुष्कळदा हेच करते. जेथे काम एकाने केले तेथे त्याचे नाव घालणे हे आत्मप्रौढीचे लक्षण नसून नोंदीची आवश्यकता आहे.

३. क्रियेची अवस्था

मराठीतील संयुक्त क्रियापदे या बाबतीत फार उपयोगी आहेत. ‘काढला’, ‘काढून ठेवला’, ‘काढून पाहिला’, ‘काढत आणला’ ही चार रूपे नकाशाच्या चार निरनिराळ्या अवस्था सांगतात. यांपैकी ‘करून पाहणे’ हे रूप तर रचना-प्रकल्पाच्या प्रकृतीशी तंतोतंत जुळते : कृती झाली, पण ती चाचणीदाखल झाली आणि तिचा निर्णय अजून खुला आहे. याउलट ‘काम चालू आहे’ एवढेच म्हटल्याने आरंभ झाला व शेवट झाला नाही यापलीकडे काहीच कळत नाही. पहिल्या दिवशी ते खरे असते आणि शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशीही खरे असते.

ही पोकळी भरण्यासाठी टक्केवारी वापरण्याचा प्रघात आहे. ‘ऐंशी टक्के काम झाले’ या वाक्यातील अंक काटेकोर दिसतो. परंतु कशाचे ऐंशी टक्के, वेळेचे, खर्चाचे, सुट्या भागांचे की अडचणींचे, हे सांगितल्यावाचून त्यास अर्थ नाही. राहिलेल्या वीस टक्क्यांत माग न थांबण्याचे कारण शोधणे येत असेल तर मुख्य काम अजून व्हावयाचेच आहे. त्यापेक्षा ‘बारा वेळा धागा तोडला, दहा वेळा माग थांबला, दोन वेळा थांबला नाही’ हे वाक्य अधिक सांगते, आणि ते खोडून काढण्याची वा पुन्हा तपासण्याची सोयही ठेवते.

अशा संदिग्धतेची किंमत केवळ गुणांत मोजावी लागते असे नाही. १६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या ‘कोलंबिया’ यानाच्या उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसासारख्या आवरणाचा एक तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा विचार करून चित्रफलकांच्या साहाय्याने आपले निष्कर्ष वरिष्ठांपुढे मांडले. त्यांतील एका फलकाचे शीर्षक धीर देणारे होते. आदळलेल्या तुकड्याचे आकारमान सुमारे १,९२० घन इंच, तर ज्या चाचण्यांच्या आधारे अनुमान केले त्यांतील तुकड्याचे अवघे ३ घन इंच, ही निर्णायक गोष्ट त्याच फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत होती. प्रत्यक्ष तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट होता. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने या फलकाचे विश्लेषण करताना दाखविले की, ‘लक्षणीय’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द त्यात पाच वेळा आला आहे आणि तो प्रत्येक वेळी काय सांगतो हे निश्चित होत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान भंगले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी-मंडळाच्या अहवालाने तांत्रिक निबंधाऐवजी चित्रफलकांवर विसंबण्याच्या प्रथेवर स्पष्ट टीका केली. दुर्घटनेची कारणे अनेक होती व एका फलकास सर्व दोष देणे योग्य होणार नाही. परंतु ‘चाचणीच्या कक्षेबाहेरचे अनुमान’ हे शीर्षकात यावयास हवे होते, तळटीपेत नव्हे, एवढे निश्चित.

महाराष्ट्रातील विद्यार्थी-प्रकल्पांतही अहवालाचे महत्त्व दाखविणारी दोन ठळक उदाहरणे आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोग्रॅम वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी, आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलोग्रॅमचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. ‘स्वयम्’चे काम २००८ मध्ये, तर ‘प्रथम’चे २००७ मध्ये सुरू झाले होते. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे ज्यांनी आरंभ केला ते प्रक्षेपणाच्या कित्येक वर्षे आधी महाविद्यालय सोडून गेले होते. गटातील माणसे बदलत गेली. ‘स्वयम्’ला चुंबकाच्या योगे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून स्थिर ठेवण्याची योजना होती. असा निर्णय का घेतला, कोणते पर्याय करून पाहिले व का सोडले, हे नव्या विद्यार्थ्यास कळावयाचे तर आधीच्यांनी लिहून ठेवलेल्या कागदांवाचून दुसरा खात्रीचा मार्ग नसतो. अशा कामात ‘समाधानकारक निष्कर्ष प्राप्त झाले’ या वाक्याचा उपयोग शून्य. एका वर्षाच्या प्रकल्पासही हे लागू आहे. सहा महिन्यांपूर्वीचा आपण स्वतःही बराचसा परका झालेला असतो.

तेव्हा अहवालाची मांडणी कशी असावी? चार प्रश्नांची उत्तरे चार परिच्छेदांत, याच क्रमाने दिली तर पुरे. मागील आढाव्यानंतर काय सिद्ध झाले, आणि कशावरून? काय करून पाहिले पण अनिर्णित राहिले? मूळ योजनेत काय बदलले, व का? पुढील आढाव्यापर्यंत काय, कोण, केव्हा करणार? यांतील तिसरा प्रश्न बहुतेक अहवालांत नसतो. योजना बदलणे म्हणजे अपयश, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. वास्तविक पाहता एक मार्ग चुकीचा ठरविणे हीही रचनेतील प्रगतीच आहे. मात्र तो चुकीचा ठरला याची नोंद हवी, अन्यथा पुढचा गट त्याच मार्गाने जाईल.

तोंडी निवेदनाचा न्याय थोडा निराळा आहे. वाचक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, श्रोता तसे करू शकत नाही. म्हणून मुख्य निष्कर्ष व मुख्य शंका ही दोन्ही पहिल्या मिनिटात यावीत. फलकाचे शीर्षक ‘चाचण्यांचे निष्कर्ष’ असे न ठेवता ‘बारांपैकी दोन वेळा माग थांबला नाही’ असे पूर्ण वाक्य ठेवावे. फलकावरील मजकूर वाचून दाखवू नये. ज्याने जे काम केले त्यानेच ते सांगावे, आणि परीक्षकांकडून कोणता सल्ला किंवा निर्णय हवा आहे हे शेवटी स्पष्ट शब्दांत विचारावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी अभ्यासक्रम चालविण्यास अनुमती दिली. त्यामुळे मराठीत प्रगती-अहवाल लिहिणे ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. अशा वेळी सर्व चर्चा पारिभाषिक शब्दांभोवती फिरण्याचा संभव आहे. एखाद्या भागास ‘सेन्सर’ म्हणावे की ‘संवेदक’, हा प्रश्न दुय्यम आहे. दोहोंपैकी काहीही चालेल. ‘थांबला’, ‘थांबत असावा’ आणि ‘थांबतो म्हणे’ यांतील भेद टिकविणे हे त्याहून अधिक निकडीचे आहे.

यात अध्यापकांची जबाबदारी मोठी आहे. ‘किती टक्के झाले?’ असे विचारणाऱ्यास टक्केवारीच मिळते, आणि सर्व ठीक असल्याचे सांगणाऱ्यास अधिक गुण मिळत असतील तर सर्व काही ठीकच असल्याचे ऐकावयास मिळते. त्याऐवजी प्रत्येक आढाव्यात ‘हे तुम्ही पाहिले, मोजले, ताडले की ऐकले?’ एवढा एकच प्रश्न नेमाने विचारला, आणि ‘मोजलेले नाही’ या प्रामाणिक उत्तरास दंड केला नाही, तर अहवालाची भाषा दोन सत्रांत सुधारू लागेल. भाषेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसही येथे संशोधनाचे एक क्षेत्र खुले आहे : एकाच गटाचे कार्यशाळेतील संभाषण आणि त्याच आठवड्याचा लेखी अहवाल शेजारी ठेवून, कोणती क्रियारूपे वाटेत गळतात याची मोजणी करणे. त्यासाठी लागणारी सामग्री सोलापुरातील कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात दर सत्रास तयार होत असते.