कविता आणि मलमपट्टी

सदरमध्ये काय किंवा सीताबर्डीत काय, एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी गाण्याची मैफल ठेवली की तिकिटे खपतात, मंचावर धनादेश दिला जातो आणि मंडळी घरी जातात. त्यात वावगे काहीच नाही. फक्त कलावंत गातो आणि सेवा दुसरेच कोणी तरी करते, अशी वाटणी आपण गृहीत धरतो. ही वाटणी न मानणारे एक घर नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर, वरोऱ्याला उभे राहिले.

बाबा आमटे यांनी १९५१ मध्ये तिथल्या खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू केले, तेव्हा सोबत सहा कुष्ठरोगी होते. भीक नको, काम हवे, हा बाबांचा आग्रह. ऐकायला सोपे वाटते, पण कुष्ठरोग्याच्या हाताला काम देणे म्हणजे काय, हे जरा समजून घेऊ. या रोगाचे जंतू नसांवर घाला घालतात आणि हाताची संवेदना जाते. तव्याचा चटका कळत नाही. अवजार घासून फोड आला तरी दुखत नाही, म्हणून माणूस काम करीतच राहतो आणि जखम चिघळते. बोटे 'झडतात' असे आपण म्हणतो, ती बरीचशी अशा दुर्लक्षित जखमांपायी जातात. औषधाने रोग बरा होतो, गेलेली संवेदना मात्र बहुधा परत येत नाही. अशा हाताला अवजाराची मूठ जाड लागते, स्पर्शाचे काम डोळ्यांवर सोपवावे लागते आणि रोज हातपाय तपासावे लागतात. म्हणजे मागावर विणलेल्या सुंदर कापडामागे मलमपट्टी असतेच.

बाबा कवी होते. 'ज्वाला आणि फुले' हा त्यांचा संग्रह १९६४ चा. त्यातला आवेश अनेकांना भारून टाकतो. पण माझे मत विचाराल तर त्याच्या शेजारी साधनाताईंचे 'समिधा' ठेवून वाचावे. साधनाताई आपल्या नागपूरच्याच, माहेरच्या इंदू घुले. १९४६ मध्ये लग्न झाले आणि सनातनी घरातली ही मुलगी माळरानावर संसार करायला गेली. स्वयंपाक, गाईगुरे, मुले, आजारी माणसे, येणारेजाणारे पाहुणे हे सगळे कोणी सांभाळले, ते या आत्मकथनातून कळते. पाहुण्यांत मोठमोठे साहित्यिक असत; त्यांच्या गप्पा रंगत तेव्हा चूलही पेटलेलीच असे!

पुढे डॉ. विकास आमटे यांनी 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. त्यात रोगमुक्त, अंध आणि अपंग कलावंत गातात, वाजवतात, नाचतात. प्रेक्षक तिकीट काढून येतात, आणि पहिल्या दोनचार गाण्यांनंतर कणव मागे पडून कान गाण्याकडे लागतात.

आपल्या मंडळांनी असा कार्यक्रम जरूर ठेवावा. ध्वनिव्यवस्थेचा आणि हारतुऱ्यांचा खर्च लिहिताना मंचापर्यंतचा उतार, मुक्कामाची तळमजल्यावरची खोली आणि रात्री मलमपट्टी करणारा माणूस, यांच्यासाठीही आधीच तरतूद करावी.