टेलरला शिक्षा झाली, पण लायबेरियासाठी नव्हे

यादवी संपलेल्या देशाविषयी आपल्या डोक्यात एक ठरलेला क्रम असतो. आधी करार, मग निवडणूक, मग खटले आणि शिक्षा. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाने हा क्रम पार उधळून लावला. १९८९च्या डिसेंबरात चार्ल्स टेलरचे बंडखोर देशात घुसले. तेव्हापासून २००३पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, देश जळत होता. मृतांचा अंदाज अडीच लाखांपर्यंत जातो.

गैरसमज : करारावर सह्या झाल्या, निवडणूक झाली, की युद्ध संपलं.

लायबेरियात नव्वदच्या दशकात करारांची रीघ लागली होती. कोटोनू, अकोसोम्बो, अबुजा... शहरं बदलत गेली, लढाई चालूच राहिली. १९९७मध्ये निवडणूकही झाली आणि टेलर सुमारे ७५ टक्के मतांनी अध्यक्ष झाला. लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं म्हणून नव्हे. हरला तर हा माणूस पुन्हा बंदूक उचलेल, अशी धास्ती होती. निवडून आल्यावर त्याने आपल्या लढवय्यांनाच सरकारी यंत्रणेत बसवलं आणि दोन वर्षांत नवं बंड उभं राहिलं.

२००३च्या ऑगस्टमधला घानातल्या आक्राचा करार टिकला, पण तो काही अधिक सुबक शब्दांत लिहिला होता म्हणून नाही. टेलर त्याच्या आठवडाभर आधीच देश सोडून नायजेरियाला गेला होता, पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांचे सुमारे १५,००० सैनिक आले, आणि निवडणूक मुद्दाम दोन वर्षं पुढे ठेवली गेली. आधी शस्त्रं, मग मतपेट्या. २००५मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ अध्यक्ष म्हणून निवडून आल्या.

गैरसमज : बंदूक घेतली, पैसे दिले, लढवय्या घरी गेला.

डिसेंबर २००३मध्ये राजधानी मनरोव्हियाजवळच्या शिफेलिन छावणीत शस्त्रं जमा करायला सुरुवात झाली. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले, सगळ्यांना पैसे तिथल्या तिथे हवे होते. दंगल उसळली, माणसं मेली, मोहीम थांबवावी लागली. पुढच्या एप्रिलमध्ये ती नव्याने सुरू झाली. सुरुवातीला साधारण ३८,००० लढवय्ये धरले होते. नोंद झाली एक लाखाहून अधिक जणांची. जमा झालेली शस्त्रं मात्र सुमारे २८,०००.

म्हणजे सगळे खोटे होते? काही होतेच. बंदूक नसली तरी ठरावीक गोळ्या आणल्या की नाव लागत असे आणि माणशी ३०० डॉलर मिळत. टोळीप्रमुखांनी गोळ्या आपल्या नात्यागोत्यात वाटल्या, हे तेव्हा उघड गुपित होतं. पण आकडा फुगण्याचं दुसरं कारण विसरता येत नाही. टोळ्यांबरोबर ओझी वाहणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, जबरदस्तीने बायको केलेल्या मुली आणि हाती बंदूक दिलेली पोरंही यात होती. ‘लढवय्या म्हणजे बंदूकधारी पुरुष’ अशी व्याख्या ठेवली असती तर ती सगळी बाहेरच राहिली असती. माझ्या मते थोडे भामटे आत आले हा त्यामानाने स्वस्त सौदा. पैसे वाटणं सोपं होतं. पुढे त्यांना शाळा, कसब आणि काम देणं कठीण गेलं आणि ते अर्धवटच राहिलं.

गैरसमज : बायका फक्त बळी होत्या.

शांततेसाठी झटणाऱ्या लेमा बोवी आणि त्यांच्या साथीदार ख्रिस्ती व मुस्लीम बायका युद्ध थांबवा म्हणत पांढरे कपडे घालून महिनोन्महिने मनरोव्हियात ठाण मांडून बसल्या. आक्रातली बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांनी सभागृहाची दारंच अडवली. पुढे, २००७ ते २०१६, मनरोव्हियात भारतातून गेलेली महिला पोलिसांची तुकडी तैनात होती. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांमधली ती केवळ महिलांची पहिली तुकडी.

गैरसमज : टेलर तुरुंगात आहे, म्हणजे लायबेरियाला न्याय मिळाला.

हा सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज. टेलरला २०१२मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली हे खरं. पण ती दिली सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने, आणि सगळे ११ आरोप शेजारच्या सिएरा लिओनमधल्या अत्याचारांना साथ दिल्याचे होते. स्वतःच्या देशात जे घडलं त्याबद्दल त्याच्यावर एकही खटला चाललेला नाही.

लायबेरियाकडे होता तो सत्यशोधन आयोग. ‘आयोग म्हणजे माफीची पळवाट’ असं म्हणणाऱ्यांनी त्याचा २००९चा अहवाल बघावा. त्याने युद्धगुन्ह्यांसाठी खास न्यायालय मागितलं आणि काहींना ३० वर्षं सार्वजनिक पदावर बंदी सुचवली. त्या यादीत खुद्द अध्यक्ष सरलीफ होत्या, कारण सुरुवातीच्या काळात त्यांनी टेलरला पाठबळ दिलं होतं. पण आयोग शिफारस करू शकतो, शिक्षा देऊ शकत नाही. बंदीची शिफारस सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी सरलीफ यांना शांततेचं नोबेल मिळालं आणि त्या पुन्हा निवडूनही आल्या.

त्यामुळे न्याय झाला तो परक्या देशांत, तुकड्यातुकड्यांनी. स्वित्झर्लंडमध्ये एका माजी कमांडरला २०२१मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत दुसऱ्या एकाला ३० वर्षं, तीही खुनांबद्दल नव्हे, तर आश्रय मागताना आपला भूतकाळ लपवून खोटं बोलल्याबद्दल.

गैरसमज : जुनी प्रकरणं उकरली तर युद्ध पुन्हा पेटेल.

ही भीती सर्वांत मोठ्याने सांगत ती अर्थातच ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली असती तीच माणसं. प्रिन्स जॉन्सन यांच्या टोळीने १९९०मध्ये अध्यक्ष सॅम्युअल डो यांना पकडून हालहाल करून मारलं, त्याचं चित्रीकरणही केलं. पुढे ते निंबा परगण्यातून सिनेटर झाले आणि निवडून येत राहिले. एप्रिल २०२४मध्ये युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाच्या बाजूचा ठराव सिनेटपुढे आला, तेव्हा सही करणाऱ्यांत तेही होते. मे महिन्यात अध्यक्ष बोआकाई यांनी न्यायालय उभारणीसाठी कार्यालय स्थापण्याचा आदेश काढला. युद्ध काही पेटलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉन्सन वारले. तोवर ते न्यायालय उभं राहिलेलं नव्हतं.