बशीसारखी स्प्रिंग

तुमच्या घरी जॅमची नाहीतर लोणच्याची काचेची बरणी असेलच. नवी बरणी पहिल्यांदा उघडताना झाकणातून ‘टक्’ असा आवाज येतो. बरणी संपली की ते झाकण धुऊन घ्या आणि त्याच्या मधला गोल फुगवटा अंगठ्यानं दाबून बघा. सुरुवातीला तो दाद देत नाही. मग एकदम ‘टक्’ करून आत जातो. अंगठा उचलला की पुन्हा वर येतो.

स्प्रिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बॉलपेनातलं तारेचं वेटोळं येतं. पण दाबलं की दबतं आणि सोडलं की मूळ जागी येतं, म्हणजे हे झाकणही एक स्प्रिंगच झालं! आज आपण त्याच्या एका ताकदवान भावंडाची ओळख करून घेऊ.

ती दिसते कशी?

एक बशी डोळ्यांसमोर आणा. तिच्या मधोमध गोल भोक पाडलं आहे आणि ती चिनीमातीची नसून पोलादाची आहे. झाली बशी-स्प्रिंग तयार! कारखान्यात तिला ‘डिस्क स्प्रिंग’ किंवा ‘बेलव्हिल वॉशर’ म्हणतात. फ्रान्समधल्या ज्युलियन बेलव्हिल यांनी 1867 साली अशा स्प्रिंगचं पेटंट घेतलं, म्हणून हे नाव.

ही चकती दिसायला लहान, पण जोर बघा. एका चकतीची रुंदी 50 मिलिमीटर, म्हणजे साधारण मोठ्या बिस्किटाएवढी. जाडी 3 मिलिमीटर. तिची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा फक्त 1.1 मिलिमीटर वर उचललेली असते. तिला 0.8 मिलिमीटर दाबायला सुमारे 12,000 न्यूटन जोर लागतो. म्हणजे तिच्यावर जवळजवळ 1,200 किलो वजन ठेवावं लागेल, एका मोटारीएवढं!

एवढा जोर येतो कुठून?

चकती सपाट होताना तिचा बाहेरचा घेर ताणला जातो आणि आतला घेर आक्रसतो. पोलादाला दोन्ही आवडत नाही, म्हणून ते जोरात विरोध करतं.

आता गंमत बघा. चकती जाड आणि कमी उंचीची असेल, तर ती साध्या स्प्रिंगसारखी वागते: दुप्पट दाबायचं तर जोरही जवळजवळ दुप्पट लागतो. उंची जाडीच्या साधारण 1.4 पट केली, तर एका टप्प्यानंतर जोर जवळपास तेवढाच राहतो, चकती मात्र दबत जाते. चकती त्याहून पातळ आणि उंच असेल, तर मध्येच जोर कमी व्हायला लागतो. आणि उंची जाडीच्या सुमारे 2.8 पटींपेक्षा जास्त असेल, तर ती ‘टक्’ करून उलटते आणि तशीच राहते. कारण सपाट होताना घेरावर ताण पडतो, पण पलीकडे गेलं की तो सुटायला लागतो. म्हणजे फक्त जाडी आणि उंची बदलून एकाच आकाराकडून वेगवेगळी कामं करून घेता येतात. याचं गणित आल्मेन आणि लाझ्लो या इंजिनिअरांनी 1936 साली मांडलं.

ताटल्या रचून बघा

स्वयंपाकघरातल्या ताटल्या घ्या. त्या एकात एक ठेवल्या तर ढीग जाड होतो. तशाच तीन चकत्या एकात एक ठेवल्या तर तिप्पट जोर लागतो, पण दबतात एका चकतीइतक्याच. आता ताटल्या तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून ठेवा. अशा तीन चकत्या ठेवल्या तर जोर एकीचाच लागतो, पण त्या तिप्पट दबतात.

आपल्या मरीनात तिचं काय काम?

दुबई मरीनातला प्रिन्सेस टॉवर तुम्ही पाहिला असेल. तो सुमारे 414 मीटर उंच आहे. उंच इमारतींमध्ये वरच्या मजल्यांपर्यंत वीज न्यायला बऱ्याचदा तांब्याच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या वापरतात. त्यांना ‘बसबार’ म्हणतात. पट्ट्यांचे तुकडे एकमेकांना नट-बोल्टनं जोडलेले असतात.

संध्याकाळी घरोघरी दिवे, ओव्हन, इस्त्री सुरू झाली की या पट्ट्या तापतात. 1 मीटर ॲल्युमिनियम 100 अंशांनी तापलं तर सुमारे 2.3 मिलिमीटर वाढतं, पोलाद मात्र 1.2 मिलिमीटरच. पट्टी फुगते, पण पोलादी बोल्ट तेवढा लांबत नाही. मग मऊ ॲल्युमिनियम बोल्टखाली थोडं चेपलं जातं. रात्री पट्टी थंड होऊन आकसते, पण चेपलेला भाग पुन्हा वर येत नाही. बोल्टची पकड सैल होते. सैल जोडातून वीज नीट जात नाही, तो आणखी तापतो, आणखी सैल होतो. असं रोज चालू राहिलं तर शेवटी आगही लागू शकते.

‘मग बोल्ट अजून घट्ट आवळा की!’ असं तुम्ही म्हणाल. पण त्यानं ॲल्युमिनियम अजूनच चेपेल. इथे बशी-स्प्रिंग कामाला येते. पट्टी फुगली की ती थोडी दबते, आकसली की थोडी उठते, आणि पकड कायम ठेवते. साध्या सपाट वॉशरला हे जमत नाही, कारण त्याच्याकडे उठायला जागाच नसते. मात्र बशी-स्प्रिंगची उंच बाजू बोल्टच्या डोक्याकडे किंवा नटकडेच हवी.

पुढच्या वेळी लिफ्टनं वर जाताना आठवा: भिंतीआड छोट्या पोलादी बश्या रात्रंदिवस जोड धरून उभ्या आहेत. (विजेची पेटी मात्र स्वतः कधीही उघडू नका!)

शब्दार्थ
दाद न देणे – न जुमानणे
आक्रसणे – आखडून लहान होणे
घेर – गोल वस्तूची कड
चेपणे – दाबून चपटे करणे

सांगा पाहू
1. सैल जोड जास्त का तापतो?
2. सपाट वॉशर बशी-स्प्रिंगचं काम का करू शकत नाही?
3. एक चकती 2,000 न्यूटन जोरानं 1 मिलिमीटर दबते. अशा चार चकत्या एकात एक ठेवल्या तर 1 मिलिमीटर दाबायला किती जोर लागेल? तोंडाला तोंड, पाठीला पाठ ठेवल्या तर 2,000 न्यूटन जोरानं त्या किती दबतील?