एल निनो किती, यापेक्षा कुठे?

१९९७ साली प्रशांत महासागर असा तापला, की विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रबळ एल निनोंमध्ये त्याची गणना झाली. भारतात दुष्काळाची धास्ती होती. प्रत्यक्षात मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२चा एल निनो त्यामानाने मवाळ. त्या वर्षी मात्र ऐन जुलैत पाऊस निम्म्यावर आला आणि हंगाम १९ टक्के तुटीने संपला. थोरल्याने सोडलं, धाकट्याने झोडपलं!

एरवी व्यापारी वारे विषुववृत्तालगतचं उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतात आणि पेरूच्या किनाऱ्याशी खालचं गार पाणी वर येतं. वारे मंदावले की ऊब पूर्वेकडे सरकते, दोन टोकांच्या तापमानातला फरक घटतो आणि वारे आणखी मंदावतात. हाच एल निनो. हे चक्र जेकब ब्यर्कनेस यांनी १९६९मध्ये उलगडून दाखवलं. पुढे मार्क केन आणि स्टीफन झेबियाक यांनी ते समीकरणांत बसवलं. त्यांच्या सुटसुटीत मॉडेलने १९८६च्या अखेरीस येणाऱ्या एल निनोचं भाकीत काही महिने आधीच केलं.

पण १९९७ आणि २००२चं कोडं सुटायला वेगळा प्रयोग लागला. समुद्र हवा तिथे तापवून पाहणं कुणाच्या हातात नाही. मॉडेलमध्ये मात्र ते जमतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले के. कृष्णकुमार आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी (त्यांत केनही होते) हेच केलं. वातावरणाच्या मॉडेलला त्यांनी समुद्राचं तापमान बेतून दिलं: कधी ऊब मध्य प्रशांतात, कधी पूर्वेला. ऊब मध्यावर असली, की तिथे वर चढलेली हवा भारतावर जास्त जोमाने खाली उतरते आणि ढगांची वाढ खुंटते. ऊब पेरूकडे असली, तर हा दाब भारतावर तितकासा येत नाही. २००६मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या या अभ्यासात १३२ वर्षांच्या पावसाच्या नोंदीही तपासल्या होत्या. भारतातल्या प्रत्येक तीव्र दुष्काळासोबत एल निनो होता. प्रत्येक एल निनोसोबत दुष्काळ मात्र नव्हता.

अर्थात, सगळा हिशेब प्रशांताचाच नाही. १९९७मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भागही तापला होता आणि इंडोनेशियाजवळचा भाग गार पडला होता. ही स्थिती आपल्या पावसाला सहसा धार्जिणी ठरते.

प्रशांतातली ऊब नेमकी कुठे, हीच मॉडेलांची दुखरी नस आहे. अनेक मॉडेलांत विषुववृत्तावरच्या गार पाण्याचा पट्टा वास्तवापेक्षा जास्त पश्चिमेपर्यंत पसरतो. त्यामुळे एल निनोची ऊब कुठे साचणार, याच उत्तरात चूक शिरते. त्यातच मार्च ते मे या काळात प्रशांताची चाल ओळखणं सर्वांत अवघड. २०१४मध्ये मोठ्या एल निनोची हाकाटी झाली आणि तो वर्षभर लांबला. आपला मोसमी पावसाचा पहिला अंदाज नेमका एप्रिलमध्ये जाहीर होतो.

म्हणून ‘एल निनो येणार’ एवढ्याच मथळ्यावर पेरणीचे बेत बदलणं घाईचं. ऊब मध्यावर की पूर्वेला, आणि हिंदी महासागर कोणत्या बाजूने झुकतोय, हे जूनच्या तोंडावर पुन्हा पाहिलं, तरच त्या बातमीचा शेतकऱ्याला उपयोग.