एसएमपीएसची घरघर : दुर्लक्ष नको, धाडसही नको

संगणक सुरू केला, की कॅबिनेटच्या मागच्या बाजूने घरघर ऐकू येते आणि पाच-दहा मिनिटांत ती आपोआप थांबते. थंडीच्या दिवसांत हा अनुभव हमखास येतो. आवाज थांबला म्हणजे बिघाड दूर झाला, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात पंख्याने दिलेली ती पहिली सूचना असते.

घरातील २३० व्होल्टच्या विजेचे संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करण्याचे काम एसएमपीएस ही धातूची पेटी करते. या रूपांतरात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ती उष्णता बाहेर फेकण्यासाठी पेटीत पंखा बसविलेला असतो. स्वस्त पंख्यांत बहुधा साधे स्लीव्ह बेअरिंग असते. त्यातील वंगण उष्णतेने आटते आणि धूळ मिसळून घट्ट होते. पंखा थंड असताना घर्षण अधिक होऊन घरघर ऐकू येते. ऊब मिळताच वंगण पातळ होते व आवाज थांबतो. झीज मात्र सुरूच राहते.

आवाज नेमका कोठून येतो, हे आधी पाहावे. प्रोसेसरचा आणि कॅबिनेटचा पंखाही असाच कुरकुरतो. जाड कागदाची नळी करून तिचे एक टोक कानाशी व दुसरे पंख्याच्या जाळीबाहेर धरल्यास उगम कळतो. टकटक होत असेल, तर एखादी वायर पात्याला घासत असण्याची शक्यता असते. काम वाढताच आवाजही वाढत असेल, तर पेटी तापत असून पंखा वेग वाढवीत आहे, असे समजावे. बारीक शिट्टीसारखा स्वर मात्र पंख्याचा नसून आतील कॉइलचा असू शकतो.

धूळ हे कारण असेल, तर उपाय घरी करता येतो. संगणक बंद करून एसएमपीएसची वायर मागून काढावी. यूपीएस असल्यास केवळ भिंतीवरील बटण बंद करणे पुरेसे नाही. मऊ ब्रशने जाळी साफ करावी. ब्लोअर वापरताना लाकडी काडीने पाते अडवून धरावे, अन्यथा पंखा अतिवेगाने फिरून बेअरिंग बिघडते. कॅबिनेट भिंतीपासून अर्धा फूट दूर ठेवावे. पेटी तळाशी असेल, तर कॅबिनेट गालिच्यावर ठेवू नये.

एसएमपीएसची पेटी मात्र स्वतः उघडू नये. तिच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब सोडण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. पण त्यासाठीही पेटी उघडावीच लागते आणि आराम तात्पुरताच मिळतो. पंखा बदलायचा असल्यास ते काम जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवावे. पेटी बरीच जुनी असेल, तर तेवढ्याच किंवा अधिक वॅटची, चांगल्या दर्जाची नवी पेटी घेणे श्रेयस्कर.

घरघर करणारा पंखा एके दिवशी थांबतो. चांगली पेटी तापल्यावर स्वतःहून बंद होते. निकृष्ट पेटी जळताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कलाही सोबत नेऊ शकते. त्यामुळे घरघर सुरू होताच महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी आणि दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.